टोकनवाल्यांनो, आधी 'जे' रजिस्टर उघडा

मंडळी, या वीकांताला लिहायचं होतं डेटाबेसच्या इंडेक्सांवर. मसुदा अर्धा तयारही आहे. पण मध्येच आमच्या संकुलाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पीपीटी येऊन आदळली आणि इंडेक्स राहिले बाजूला. ती बनवणारे आपलेच व्यवसायबंधू आहेत, त्यामुळे गप्प बसणं जमेना.

पीपीटीचा मथळा आहे 'नायगावातलं पहिलं विकेंद्रित संकुल'. एकूण २४ स्लाइड्स. पहिल्या सहांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्याचं चित्र आणि बाण. (पोळ्याचं चित्र नसलेली ब्लॉकचेनची पीपीटी कुणी पाहिली असेल तर मला जरूर कळवा.) सातव्या स्लाइडपासून मुद्दा सुरू होतो. संकुलाचं एक अॅप, अॅपचं एक टोकन. मेन्टेनन्स वेळेवर भरला की टोकन मिळणार, गणपतीत राबलात की टोकन, ओला-सुका कचरा नीट वेगळा केलात की टोकन. कमी पडले तर विकत घ्या. आणि संकुलाचे निर्णय या टोकनांनी. ज्याच्याकडे जितके टोकन, त्याची तितकी मतं. वर चार थर: विंगचं मंडळ, इमारतीचं मंडळ, क्लस्टर, आणि सगळ्यात वर सात जणांचं कौन्सिल. 'सत्ता तळापासून वर' असं लिहून बाण खालून वर काढलाय. छान.

आता १९ वी स्लाइड. अक्षर इतकं बारीक की मोबाइलवर दोन बोटांनी ताणून वाचावं लागलं. एकूण टोकन १० लाख. त्यातले २ लाख अॅप बनवणाऱ्या टीमला, २ लाख बिल्डरला (न विकलेल्या फ्लॅट्सच्या बदल्यात आणि 'पार्टनर' म्हणून), आणि उरलेले ६ लाख रहिवाशांना, तीन वर्षांत समान हप्त्यांनी.

हिशेब करायला स्प्रेडशीटसुद्धा लागत नाही. पहिलं वर्ष संपताना रहिवाशांकडे २ लाख, टीम आणि बिल्डरकडे मिळून ४ लाख. म्हणजे संकुलातला झाडून सगळा माणूस, आजी-आजोबांसकट, एका बाजूला उभा राहिला तरी दोनास एक असा हरणार. दुसरं वर्ष संपताना बरोबरी. तिसऱ्या वर्षात कधीतरी रहिवाशांचं पारडं जड होणार, तेही त्यांनी आपले टोकन कुणाला विकले नाहीत तर. आणि तोवर टँकरचं, एसटीपीचं आणि सिक्युरिटीचं कंत्राट पाच-पाच वर्षांसाठी देऊन झालेलं असेल, कारण २१ वी स्लाइड म्हणते की कौन्सिलचं पहिलं काम 'दीर्घ मुदतीचे करार' हेच. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

नायगाव पूर्वेला राहणाऱ्याला टँकर म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो की आमच्याकडे मेन्टेनन्सच्या बिलातला सगळ्यात बोचणारा आकडा तोच असतो, आणि उन्हाळ्यात तो फुगतो. त्यामुळे टँकरवाला कोण, दर काय, आणि सही कुणाची, हे प्रश्न आमच्यासाठी 'गव्हर्नन्स मॉडेल' वगैरे नाहीत. दर महिन्याला खिशातून जाणारे पैसे आहेत.

यावर ग्रुपवर एक उत्तर लगेच आलं: 'अरे, हेच तर शेअर होल्डिंग आहे, यात नवीन काय?' अगदी बरोबर! माझा आक्षेपही तोच आहे. एक टोकन एक मत ही जॉइंट स्टॉक कंपनीची पद्धत आहे. आपण आयटीवाले तर हे चांगलंच जाणतो. तुमच्याकडे ईसॉप आहेत ना? मग गेल्या वेळी ऑफिस हिंजवडीला हलवायचं की एअरोलीला ठेवायचं हे तुम्हाला विचारून ठरलं का? नाही ना. शेअर असणं आणि कारभार हातात असणं यातलं अंतर आपण रोज बघतो. तीच कंपनी घराखाली आणून ठेवायची आणि तिला लोकशाही म्हणायचं, याला माझा विरोध आहे.

गंमत म्हणजे आपल्याकडे टोकन आधीपासून आहे. कपाटातली प्लास्टिकची फाइल काढा. घराच्या करारनाम्याच्या मागे एक जाड कागद असेल, भाग दाखला. बहुतेक सोसायट्यांत ५० रुपयांचे दहा शेअर, एकूण ५०० रुपये. ८० लाखांचा फ्लॅट असो की ३० लाखांचा, शेअर तेवढेच. ते वेगळे काढून बाजारात विकता येत नाहीत, त्यांचा भाव वाढत नाही, आणि कितीही साठवायचे म्हटलं तरी साठवता येत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये कलम २७ आहे: सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. पुढचंच कलम २८ म्हणतं की सरकार किंवा दुसरी सहकारी संस्था सोडून कुणाही एका सभासदाला एकूण भागभांडवलाच्या एक-पंचमांशाहून जास्त धरता येणार नाही. म्हणजे ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना पुरेपूर ठाऊक होतं की एखादा माल साठवून बसणार आहे. त्यांनी दाराला दोन कड्या लावल्या. आमच्या पीपीटीवाल्यांनी दारच काढून ठेवलंय.

हे काही १९६० मध्ये आकाशातून पडलं नाही. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेलच्या २८ जणांनी किराणा दुकान काढलं तेव्हा हाच नियम ठेवला. आपल्याकडे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा, १९२५ चा मुंबई प्रांताचा, मग १९६०. आमच्या वसईतच पापडीला १९१८ साली मोन्सेनियर मोनीस यांनी जी पतसंस्था काढली, तिची आज बॅसिन कॅथॉलिक बँक झाली आहे. इकडच्या वाड्यांतल्या लोकांना 'एक सभासद, एक मत' शिकवायला कुणी व्हाइटपेपर लिहिला नव्हता.

बरं, दुसरा पर्यायही कायद्यात आहे, आणि तो तपासूनच बघावा असा आहे. १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा. त्यात सोसायटी नसते, कंडोमिनियम असतं, आणि मताचं वजन तुमच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यावर. मोठा फ्लॅट, मोठं मत. पुण्यात अशी पुष्कळ आहेत. म्हणजे 'टोकन-वेटेड व्होटिंग' महाराष्ट्रात गेली पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे, फक्त त्याला कुणी क्रांती म्हणत नव्हतं. आणि तिथेही एक गोष्ट पक्की असते: तुमचा टक्का घराला चिकटलेला असतो. तो घर सोडून एकटा बाजारात फिरायला जात नाही. आमच्या पीपीटीतला टोकन मात्र फिरतो. मी विरारला बसून, नायगावात कधी पाऊल न ठेवता, तुमच्या पाण्याच्या टाकीवर मत देऊ शकतो.

'पण हे सगळं कल्पनेतलं झालं, प्रत्यक्षात असं कोण करतं?' असं विचारणारे भेटतातच. तर घ्या प्रत्यक्षातलं.

स्टीम नावाची ब्लॉकचेन आणि तिच्यावरचं स्टीमिट, २०१६ साली सुरू झालं. लोकांनी लिहायचं, इतरांनी पसंती द्यायची, त्यातून टोकन मिळायचे. कारभार बघायला २० 'विटनेस', टोकनांच्या वजनानं निवडलेले. सुरुवातीलाच कंपनीने स्वतःसाठी टोकनांचा मोठा साठा करून ठेवला होता, एकूणाच्या सुमारे पाचवा हिस्सा. 'हा विकासासाठी आहे, याने आम्ही मतदान करणार नाही' असं तोंडी आश्वासन. लोकांनी चार वर्षं विश्वास ठेवला. फेब्रुवारी २०२० मध्ये ती कंपनी साठ्यासकट ट्रॉनच्या जस्टिन सनने विकत घेतली. विटनेस हादरले. त्यांनी तो साठा तात्पुरता गोठवून टाकला. मग २ मार्च २०२० ला काय झालं? बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या तीन एक्स्चेंजेसनी आपल्याकडे ग्राहकांनी ठेवलेले टोकन मतदानाला लावले आणि वरचे वीसच्या वीस विटनेस एका फटक्यात बदलले गेले.

ग्राहकांचे टोकन! तुम्ही बँकेत ठेव ठेवायची आणि मॅनेजरने तुमच्या नावावर नगरसेवक निवडून द्यायचा, असा प्रकार. शिवाय मतदानासाठी टोकन अडकवावे लागायचे आणि सोडवून घ्यायला १३ आठवडे लागायचे, त्यामुळे ठेवीदारांनाच पैसे काढायची पंचाईत. बोंबाबोंब झाल्यावर त्यातल्या दोघांनी मतं मागे घेतली.

वीसच्या वीस कसे गेले, हे मात्र इंजिनियरने समजून घ्यायला हवं. प्रत्येक खात्याला ३० विटनेसना मत देता यायचं, आणि प्रत्येकाला पूर्ण वजनाने. मतं वाटली जात नव्हती, प्रत्येक जागेसाठी तीच पुन्हा वापरता यायची. म्हणजे ५१ टक्केवाल्याला ५१ टक्के जागा नाही, १०० टक्के जागा. आता आमची २० वी स्लाइड: कौन्सिलच्या सात जागा, प्रत्येक टोकन सातही जागांना मत देऊ शकेल. तोच बग, तोच कोड, फक्त व्हेरिएबलचं नाव बदललंय. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, बहुधा कुठून तरी उचललंय. पण कॉपी-पेस्ट करतानाही आपण निदान मूळ कोडचे जुने बग रिपोर्ट वाचतो की नाही?

दुसरं उदाहरण थोडक्यात. बीनस्टॉक, एप्रिल २०२२. हल्लेखोराने साधारण १०० कोटी डॉलर्सचं कर्ज एका व्यवहारापुरतं घेतलं (ज्याला फ्लॅश लोन म्हणतात), त्यातून दोन-तृतीयांशाहून जास्त मतं जमवली, स्वतःचाच प्रस्ताव मंजूर केला, तिजोरी रिकामी केली, आणि त्याच व्यवहारात कर्ज फेडलं. १८.२ कोटी डॉलर्सचं नुकसान. काही सेकंदांची बहुमताची सत्ता! आपल्याकडे आमदार फोडायला निदान हॉटेल तरी बुक करावं लागतं :)

आता विरुद्ध बाजू. ती दुबळी नाही, म्हणून नीट घेतो.

पहिला मुद्दा, 'एक माणूस एक मत' ऑनलाइन चालत नाही, कारण एक माणूस पन्नास खाती उघडतो. खरं आहे, यालाच सिबिल अटॅक म्हणतात. म्हणून बिचारे टोकनकडे वळले, कारण टोकन खोटा बनवता येत नाही. पण अहो, ही अडचण अनोळखी जगाची आहे. आमच्या संकुलात कोण कुठल्या फ्लॅटमध्ये राहतं हे वॉचमनलासुद्धा पाठ आहे. आणि कागदावर पाहिजे असेल तर सोसायटीत 'आय' आणि 'जे' रजिस्टर असतं. 'जे' म्हणजे सभासदांची यादी. जॉइंट नाव असेल तर पहिल्या नावाचं मत. सभेत स्वतः यायचं, घरगुती सोसायटीत कुणाच्या नावावर दुसऱ्याने मत द्यायची पद्धत नाही. सिबिलचा प्रश्न इथे एका हिरव्या पुठ्ठ्याच्या रजिस्टरने सोडवलेला आहे. जिथे रोग नाही तिथे औषध द्यायचं आणि औषधाने नवा रोग आणायचा, हे काय आहे? खुद्द क्रिप्टोवाल्यांमध्येही ऑप्टिमिझमसारख्यांनी २०२२ मध्ये टोकनवाल्यांच्या सभागृहाशेजारी दुसरं, माणशी एक मत असलेलं सभागृह काढलं. टोकनने सगळं भागत नाही हे त्यांच्याही लक्षात आलंय. आमच्याकडे ही बातमी पोचायची आहे.

दुसरा मुद्दा, सोसायटीच्या सभांना कुत्रं येत नाही. मान्य. कोरम म्हणजे दोन-तृतीयांश किंवा २० जण, यातलं जे कमी असेल ते, आणि तेही जमत नाही. मग सभा अर्धा तास तहकूब, त्याच जागी पुन्हा सुरू, आणि आता कोरमची गरज नाही. जमलेल्या नऊ जणांनी चहा पिऊन हिशेब मंजूर करायचे. अॅपवर मत देता आलं तर जास्त लोक भाग घेतील हे मला पटतं. पण त्यासाठी टोकन कशाला? अॅपवर बटण ठेवा, एका सभासदाला एक बटण. लॉगिनचा प्रश्न आपण बँकेसाठी, आयआरसीटीसीसाठी, सगळ्यांसाठी सोडवलाय.

तिसरा मुद्दा जास्त टोचणारा. 'तुमचा सहकार काय धुतल्या तांदळाचा आहे? पीएमसी बँक विसरलात?' विसरलेलो नाही. वसई-विरारमध्ये तर ते विसरणं शक्यच नाही, कितीतरी घरांची बचत तिथे अडकली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढता येत होते. एकाच बिल्डर गटाला दिलेलं कर्ज २१ हजारांहून जास्त बोगस खात्यांआड लपवल्याचं तपासात समोर आलं. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. तिथेही सभासदाला एकच मत होतं. मग काय उपयोग झाला?

माझं म्हणणं असं आहे. एक सभासद एक मत हे ऑडिट नव्हे, आणि ते चोरी थांबवत नाही. साखर कारखाने, जिल्हा बँका, सगळीकडे एकाच घराण्याने पिढ्यान् पिढ्या बैठक मारलेली आपण पाहिलीच आहे. पण पीएमसीत एका गटाने बँक आपल्या दावणीला बांधली ती लपूनछपून, खोटी खाती काढून, आणि म्हणून ती उघडकीला आल्यावर गुन्हा दाखल झाला. स्टीममध्ये जे झालं ते दिवसाढवळ्या, नियमांप्रमाणे. कुठल्या पोलीस ठाण्यात जाणार? टोकन जास्त होते, मतं जास्त पडली, विषय संपला. पहिल्या पद्धतीत पकडलेल्या चोराविरुद्ध तुमच्या हातात काहीतरी असतं. दुसरीत तो चोर ठरतच नाही.

चौथ्या मुद्द्यावर मात्र मी पीपीटीवाल्यांच्या बाजूने आहे. ते भाडेकरूंनाही टोकन देणार आहेत. सहकार कायद्यात भाडेकरूला मत नाही. नायगावात किती घरं भाड्याने आहेत ते सकाळी ८:१० च्या लोकलला उभं राहून बघा. पाणी त्यांनाही लागतं, लिफ्ट बंद पडली तर जिने तेही चढतात, आणि मालक बसलाय बोरिवलीला. ही एक स्लाइड मला मनापासून आवडली. तिच्यासाठी बाकीच्या २३ गिळायच्या का, एवढाच प्रश्न.

आता येतो थरांकडे. पीपीटीतला सगळ्यात मोहक भाग तोच आहे आणि माझा खरा राग तिथेच आहे.

थर म्हणजे काय? आपल्या धंद्यात थर म्हणजे ज्याला आपली स्वतःची जबाबदारी आहे आणि ज्याच्या पोटात वरच्याने हात घालायचा नाही असा तुकडा. वरचा थर खालच्याचे प्रायव्हेट व्हेरिएबल हवे तेव्हा बदलत असेल तर आपण त्याला थर म्हणत नाही, गोंधळ म्हणतो. पीपीटीत विंगचं मंडळ 'शिफारस' करणार आणि कौन्सिल 'निर्णय' घेणार. कौन्सिलने विंगची शिफारस फेटाळली तर पुढे काय, याची स्लाइड नाही. म्हणजे थर एकच. बाकीचे तीन सजावट.

आणि हे आम्हाला नवीन नाही. वसई-विरारमध्ये राहून थरांच्या गोष्टी ऐकायच्या म्हणजे कोळ्याला मासे कसे ओळखायचे ते शिकवण्यासारखं झालं. ३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि पन्नासहून अधिक ग्रामपंचायती एकत्र करून महापालिका झाली. ग्रामपंचायत म्हणजे सगळ्यात खालचा थर, आणि ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिलेली. पश्चिमेच्या हरित पट्ट्यातल्या गावांनी आम्हाला महापालिका नको म्हणून जोरदार आंदोलन केलं. त्याच लाटेवर ऑक्टोबर २००९ मध्ये विवेक पंडित वसईतून आमदार झाले. ३१ मे २०११ ला राज्य सरकारने २९ गावं वगळायची अधिसूचना काढली. प्रकरण हायकोर्टात गेलं, अडकलं, आणि वर्षांमागून वर्षं गेली. २०२४ मध्ये सरकारने तीच २०११ ची अधिसूचना मागे घेतली. गावं महापालिकेतच.

आपल्या भाषेत बोलायचं तर २९ गावांनी फोर्क मागितला. तो तेरा वर्षं पेंडिंग राहिला आणि मग क्लोज झाला, 'वोंट फिक्स'.

स्टीमच्या लोकांना फोर्क मिळाला, बरं का. २० मार्च २०२० ला त्यांनी हाइव्ह नावाची नवी साखळी काढली, सगळ्यांच्या खात्यांची नक्कल केली, सनचा साठा वगळला आणि चालू लागले. २०१६ मध्ये 'द डाओ'तून ३६ लाख इथर पळवले गेले तेव्हा इथेरियमनेही जुलैत फोर्क करून पैसे परत फिरवले. ज्यांना ते पटलं नाही ते इथेरियम क्लासिक घेऊन राहिले. क्रिप्टोवाल्यांची सगळी राजकीय श्रद्धा या एका गोष्टीवर उभी आहे: नाही पटलं तर बाहेर पडा, नक्कल घेऊन. पण नायगावात नक्कल कशाची घेणार? सूर्या धरणाच्या योजनेतून वसई-विरारला १८५ दशलक्ष लिटर पाणी रोज मिळायचं ठरलं, त्या पाइपाला 'गिट क्लोन' करता येतं का? आमच्या बी विंगला कौन्सिल पटलं नाही तर बी विंगने टाकी, लिफ्ट आणि गटार घेऊन कुठे जायचं? खाडीत? जिथे बाहेर पडता येत नाही तिथे आत राहून नाही म्हणायची ताकद हवी, आणि ती नेमकी पीपीटीत नाही.

शहराच्या थरांचंही तेच. ७४ वी घटनादुरुस्ती म्हणते की ३ लाखांवरच्या शहरात प्रभाग समित्या हव्यात. २०११ च्या जनगणनेत आम्ही १२ लाखांवर होतो, आमच्याकडे नऊ प्रभाग समित्या आहेत. राज्याच्या कायद्यात मतदारांच्या क्षेत्रसभासुद्धा आहेत. मी इथे राहायला आल्यापासून क्षेत्रसभेची एक नोटीस पाहिलेली नाही. आणि जून २०२० ला महापालिकेची मुदत संपली ती निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली साडेपाच वर्षं एकही नगरसेवक नाही, फक्त प्रशासक. थरांची आकृती कागदावर जशीच्या तशी होती, एक बाणही कमी झाला नव्हता.

थर खरा कसा असतो ते बघायचं तर गडचिरोलीला जावं लागेल. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). तिथे ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. निर्णयाआधी अभ्यासगट बसतात, वाद घालतात, बाहेरच्या जाणकारांना बोलावतात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. पण घोषणेवर भागलं नाही. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली १८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः द्यायचा अधिकार मिळाला. पासबुक गावाच्या हातात आलं! त्या दिवसापासून ग्रामसभा वनखात्याकडे शिफारस करत नव्हती. बांबू कुणाला विकायचा ते ती ठरवत होती. तिथे टोकन नव्हता, साखळी नव्हती, बहुतेक काळ मोबाइलला रेंजही नसेल.

(मेंढ्यात काही शे लोक, सगळे एकमेकांचे नातेवाईक, इथे हजारो अनोळखी, तुलना कशी करता, असं कुणीतरी म्हणणारच. करत नाही. विंगशी तुलना करतोय. आमच्या विंगमध्ये ५६ घरं आहेत आणि एकच टाकी.)

शिवाय एक गोष्ट २४ पैकी एकाही स्लाइडवर नाही. संकुलाची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. कन्व्हेयन्स झालेलं नाही. मालमत्तेच्या कागदावर ज्याचं नाव, तो कौन्सिलमध्ये २ लाख टोकन घेऊन बसणार, आणि त्या कौन्सिलने त्याच्याकडेच कन्व्हेयन्सचा तगादा लावायचा. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायच्या समितीवर मांजराला एक-पंचमांश मतं.

तर माझं म्हणणं ग्रुपवर मांडलं ते इथेही लिहून ठेवतो. अॅप करा. टोकनही ठेवा, पण आभार म्हणून: कचरा वेगळा केला, टोकन घ्या, क्लबहाउसच्या बुकिंगला सूट घ्या. मताला त्याचा स्पर्श नको. मत सभासदाला एक, 'जे' रजिस्टरप्रमाणे. विंगला तिच्या मेन्टेनन्समधला ठरावीक हिस्सा थेट द्या. जिन्यातले दिवे, सफाई आणि पाणी सोडायची वेळ विंग ठरवेल आणि त्या विंगेत राहणारा भाडेकरूही त्या बैठकीत हात वर करेल. कायद्याने त्याला सभासदाचं मत देता येत नाही, पण सर्वसाधारण सभेने ठराव करून पाण्याच्या वेळेचा निर्णय विंगच्या बैठकीवर सोपवला तर कोण अडवतंय? विंगचा निर्णय फिरवायचा असेल तर वरच्यांना दोन-तृतीयांश मतं लागावीत आणि कारण लेखी द्यावं लागावं. आणि एक वर्षाहून लांबचा कुठलाही करार सर्वसाधारण सभेशिवाय नाही, टँकरचा तर नाहीच.

यावर 'तू बदलाच्या विरोधात आहेस' असा एक आणि अंगठ्याचे सतरा प्रतिसाद आले. अंगठा वर की खाली हे विचारायचं राहून गेलं. असो.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी लागते. विषयपत्रिकेवर विषय घालायचा तर त्याआधी सचिवांकडे लेखी द्यावा लागतो, ग्रुपवर लिहून चालत नाही. मी काल संध्याकाळी पत्र दिलं. वरचे चारही मुद्दे आणि १९ व्या स्लाइडचा हिशेब जोडला आहे. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. बी, सी आणि ई विंगवाल्यांपैकी ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर यावं, त्याआधी आमच्याकडे पाणी भरायचं असतं.